व्याही आकाशात, विहीण मनोऱ्यात

कातळवाडीच्या विमानतळावर वृषालीबाई घोसाळकरांनी वीसेक वर्षं विमानं उतरवली आणि त्यातली बरीचशी वर्षं एका माणसाशी भांडण्यात घालवली. त्या माणसाचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. नावही माहीत नव्हतं. मनोऱ्यात बसणाऱ्या नियंत्रकाला विमानाचा क्रमांक कळतो आणि वैमानिकाचा आवाज कळतो, बस्स. हा आवाज जाड, किंचित नाकातला आणि बारा महिने तक्रारीच्या सुरात असे. नागपूरहून दुपारी येणारं विमान घाट ओलांडून समुद्राकडे वळलं की तो सुरू व्हायचा.

"मॅडम, आज सरळ खाली घेताय, की गावाला प्रदक्षिणा घालायला लावताय?"

"कॅप्टन, तुमच्या पुढे दोन विमानं आहेत. ती काय मी गिळू?"

"तुम्ही गिळालही. काल माझी पंधरा मिनिटं गिळलीत."

नियमाप्रमाणे रेडिओवर इंग्रजीत आणि तेही ठरलेल्या शब्दांतच बोलायचं असतं. पण भांडण माणूस मायबोलीतच करतो, त्याला इलाज नाही. दोघांना चार वेळा लेखी ताकीद मिळाली होती आणि दोघांनीही ती कपाटात टाकली होती.

एक गोष्ट मात्र वृषालीबाईंनी कुणाला सांगितली नव्हती. या माणसाच्या कुरकुरीवर त्यांचं बारीक लक्ष असे. 'विमानात काहीतरी बिनसलंय, जरा घाबरायला झालंय' असं तो मेला तरी म्हणाला नसता. तो चहाला नावं ठेवायचा, उपम्याला ठेवायचा, कंपनीने दिलेल्या टोपीला ठेवायचा. कुरकूर नेहमीपेक्षा लांबली की बाई समजायच्या, वरची हवा खराब आहे. मग त्याला दोन शब्द सुनवत सुनवत त्या गुपचूप आधी उतरवून घ्यायच्या. उतरल्यावर तो आभार मानायचा नाही आणि बाईंची तशी अपेक्षाही नसायची.

मग समवाणी आली.

आकाशातलं बोलणं हा मुळात फार कच्चा कारभार होता. विमानं नव्या काळाची, पण रेडिओ आजोबांच्या वेळचा. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर नुसती किंकाळी ऐकू यायची आणि दोघांचंही बोलणं वाया जायचं. त्यात देशोदेशीचे उच्चार, थकलेले कान आणि चिडलेली डोकी. यावर एकच जुना तोडगा होता. नियंत्रकाने सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं आणि नियंत्रकाने ते ताडून बघायचं. तोडगा चांगला होता, पण माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, ही खोड काही त्याने जात नव्हती.

समवाणी बनवणाऱ्यांनी विचार केला तो असा. माणसाच्या आवाजात दोन गोष्टी असतात. एक शब्द. दुसरी म्हणजे उरलेलं सगळं: पट्टी, कंप, थांबे, उसासे. माणूस घाबरला की घशातल्या स्वरतंतूंना ताण बसतो आणि आवाज वर चढतो. रागावला की शब्द आपटत येतात. दमला की वाक्याच्या मधेच श्वास घेतो. हे सगळं मोजता येतं, आणि जे मोजता येतं ते गाळताही येतं. यंत्र बोलणाऱ्याचे शब्द घ्यायचं, त्यातला कामाचा आशय काढायचं आणि तो नियमपुस्तकातल्या भाषेत, त्याच माणसाच्या आवाजात, शांतपणे पलीकडे पोचवायचं. बोलणाऱ्याने बटण सोडेपर्यंत ते थांबायचं आणि सोडताक्षणी बोलायचं. उरलेलं सगळं म्हणजे गोंगाट, असं धरून ते फेकून द्यायचं. पुढच्या आवृत्तीत त्यात थोडं सौजन्यही घातलं गेलं, कारण त्यामुळे कर्मचारी खूश राहतात असं कंपनीला आढळलं होतं.

चुका खरोखरच कमी झाल्या. तेव्हा कंपनीने घरगुती समवाणीही बाजारात आणली. चिंचोक्याएवढी गोळी, दोघांनी आपापल्या कानात घालायची. बाहेरचा आवाज ती कानातच अडवायची आणि समोरच्याचं बोलणं, टोचेल तो तपशील वगळून, मऊ करून आत सोडायची. सासवासुनांनी ती घातली, भाऊबंदांनी घातली. हाउसिंग सोसायटीच्या सभा चहा येण्याआधी संपायला लागल्या. कुटुंब न्यायालयातल्या एका वकिलाने वकिली सोडून चिंचोक्यांची एजन्सी घेतली असं म्हणतात.

इकडे कातळवाडीच्या आकाशात वेगळाच प्रकार सुरू झाला. जाड, नाकातला आवाज आता म्हणायला लागला, "समजलं मॅडम. आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वृषालीबाईंनी हेडफोन काढून झटकून पाहिला. यंत्राची किमया आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण रोज रोज कुणी गोड बोलायला लागलं तर माणूस किती दिवस सावध राहणार? वर्षभराने त्यांना वाटायला लागलं, की हा गृहस्थ खरोखरच सुधारला असावा. बहुधा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल. त्याशिवाय पुरुष सुधारत नाहीत, असं त्यांचं मत होतं. आपण वर पाठवलेलं "कानात बोळे घातलेत का?" हे वाक्य त्याला "कृपया पुन्हा सांगावं ही विनंती" असं पोचतं, याचाही त्यांना हळूहळू विसर पडला.

त्याच वर्षी ऋजुताने लग्न ठरवलं.

ऋजुता म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. ती दहावीत असताना तिचे बाबा गेले आणि तेव्हापासून घरात या दोघीच. मुलाचं नाव मल्हार उपासनी. इंजिनियर, उंच, शांत.

"आई, इतका समजूतदार मुलगा मी पाहिला नाहीये," ऋजुता म्हणाली. "दोन वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही."

दोघांच्याही कानात चिंचोका होता. बाईंना ते दिसत होतं, पण हल्ली सगळ्याच मुलांच्या कानात तो असतो. मल्हार त्यांनाही मनापासून आवडला होता. त्यांना भीती वाटत होती ती स्वतःच्या तोंडाची. दूधवाल्यापासून विमानकंपनीच्या संचालकापर्यंत त्यांचं कुणाशी वाजलं नव्हतं असं नाही. आपल्या जिभेपायी लेकीचं जुळलेलं मोडू नये, एवढं एकच मागणं त्यांनी त्या दिवसांत देवापुढे ठेवलं होतं.

रविवारी उपासनी मंडळी बैठकीला येणार होती. बाई स्वयंपाकघरात साबुदाणेवडे तळत होत्या. दारावरची बेल वाजली आणि पाठोपाठ आवाज आला.

"लिफ्ट बंद आहे हे आधी कळवायला काय होतं? चार मजले! मी काय डोंबारी आहे?"

बाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. जाड आवाज, किंचित नाकातला. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. सोफ्यावर एक टकलू, गोरे, घामाघूम गृहस्थ रुमालाने वारा घेत होते.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "पायऱ्या चढून फार त्रास झाला का?"

गृहस्थांचा रुमाल थांबला. त्यांनी डोळे बारीक केले.

"कातळवाडी?" त्यांनी विचारलं.

"दुपारचं नागपूर?" बाईंनी विचारलं.

मल्हारची आई, विशाखाताई, आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या. "ओळख आहे वाटतं?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "अहो, मग तर किती छान!"

पाच मिनिटं खरोखरच छान गेली. कॅप्टन श्रीनिवास उपासनी म्हणाले, की अलीकडे मॅडम फार सौजन्याने वागतात. बाई म्हणाल्या, की कॅप्टनही अलीकडे फार नम्र झालेत. मग कॅप्टननी वडा तोंडात टाकला आणि तो जरा तेलकट असल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, ज्यांना वाट बघायची सवय नसते त्यांना तेल निथळेपर्यंत दम निघत नाही. कॅप्टन म्हणाले, वाट बघण्याचं म्हणाल तर त्यांचं अर्धं आयुष्य घोसाळकरबाईंच्या मेहरबानीने ढगात गेलंय. तिथून गाडी दहा वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीवर गेली, जेव्हा त्यांना म्हणे समुद्रावर घिरट्या घालत ठेवून बाईंनी एका मंत्र्याचं विमान आधी उतरवलं होतं.

"मंत्र्याचं नव्हतं! रुग्णवाहिका होती ती!"

"आत मंत्रीच होता!"

"आजारी मंत्री!"

ऋजुता आणि मल्हार पांढरेफटक पडून बसले होते. त्यांनी इतक्या जवळून भांडण पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती. मल्हारने घाईघाईने खिशातून चिंचोक्यांची डबी काढून दोघांपुढे धरली.

"मी मुलाचा बाप आहे," कॅप्टन उठत म्हणाले. "मुलीच्या घरी येऊन कान बंद करून बसू? चल गं, विशाखा."

"अहो, मी तीस वर्षं तुमचं बोलणं उघड्या कानांनी ऐकतेय," विशाखाताई म्हणाल्या. "तुम्ही पाच मिनिटं ऐकलंत तर झिजणार नाही." पण तोवर कॅप्टन चार मजले खाली निघाले होते.

त्या संध्याकाळी ऋजुता आईशी एक अक्षर बोलली नाही. मल्हारचा निरोप आला, की बाबा म्हणतात घाई नको, बघू. 'बघू' म्हणजे काय ते लग्नाच्या बाजारात कुणालाही कळतं. ज्याची भीती होती तेच आपण केलं, म्हणून बाई न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडल्या.

मंगळवारी दुपारी धावपट्टीवर एका छोट्या विमानाचं चाक फुटलं आणि ते मधोमध ठाण मांडून बसलं. कुणाला इजा झाली नव्हती, पण ते ओढून नेईपर्यंत धावपट्टी बंद. वर पाच विमानं येऊन थांबली. जवळच्या दुसऱ्या विमानतळावर ढग खाली उतरलेले, त्यामुळे तिकडे पाठवायचीही सोय नव्हती. वृषालीबाईंनी पाचही जणांना एकावर एक ठरावीक उंचीवर घिरट्या घालायला लावलं.

पाचांमध्ये दुपारचं नागपूर होतं. खरं तर ते तिसरं आलं होतं.

बाईंच्या शेजारी त्यांचे वरिष्ठ, फर्नांडिस बसले होते. रविवारची कथा त्यांना सकाळीच कळली होती, कारण कातळवाडीत काहीच लपत नाही. "काय घोसाळकर, आज व्याहीबुवांना पहिला नंबर का?" त्यांनी सहज विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बाईंच्या ते मनाला लागलं. उद्या कुणी म्हणायला नको, की लेकीचं लग्न जुळवायला हिने विमान आधी उतरवलं. त्यांनी दुपारचं नागपूर उचललं आणि सगळ्यांच्या मागे, पाचव्या नंबरवर टाकलं.

"आपला क्रमांक पाचवा आहे. घिरट्या चालू ठेवाव्यात," त्यांनी सांगितलं.

बाईंच्या समोरच्या पटलावर प्रत्येक विमानासाठी एक हिरवा दिवा होता. वैमानिकाने बोलायला बटण दाबलं की तो लागायचा, बटण सोडलं की विझायचा. नागपूरचा दिवा लागला आणि चांगला लागूनच राहिला. हेडफोनमध्ये शांतता होती. यंत्र ऐकत होतं, गाळत होतं, फेकत होतं. अखेर दिवा विझला आणि तो आवाज म्हणाला, "समजलं. क्रमांक पाचवा. घिरट्या चालू ठेवतो. आभारी आहे."

बाईंना मनातल्या मनात हसू आलं. एवढा वेळ हा माणूस आभार नक्कीच मानत नव्हता. रविवारचे वडे निघाले असतील, मंत्री निघाला असेल. बोल बाबा, बोल, त्या म्हणाल्या.

फुटक्या चाकाचं विमान काही जागचं हलेना. ओढणारी गाडी आली, तिचा दोर तुटला, दुसरा आणायला माणूस गेला. बाईंनी पाचही जणांना पुन्हा तेच सांगितलं. नागपूरचा दिवा या खेपेला पहिल्यापेक्षाही जास्त वेळ जळला. "समजलं. आभारी आहे."

एकदाची धावपट्टी मोकळी झाली. बाईंनी पहिलं विमान खाली घेतलं. दुसऱ्याला वळायला सांगितलं. मग नागपूरला कळवलं, "अजून थोडा वेळ लागेल. क्रमांक आता चौथा."

दिवा लागला आणि लगेच विझला.

"समजलं. आभारी आहे."

 विझलेल्या दिव्याकडे वृषालीबाई बघत राहिल्या. इतक्या वर्षांत हा माणूस एका दमात गप्प बसला नव्हता. वाईट हवेत तो उपम्यावर बोलायचा, फार वाईट हवेत टोपीवर. पण गप्प? कुरकूर करण्याइतकंही बळ ज्याच्यात उरलेलं नाही, त्याच्या टाकीत काय उरलंय?

पटलाच्या कोपऱ्यात तांबड्या झाकणाखाली एक बटण होतं. त्याला उघडी लाईन म्हणत. ते दाबलं की समवाणी बाजूला व्हायची आणि माणसाचा आवाज जसाच्या तसा यायचा. यंत्र बिघडलं तरच दाबायचं, नाहीतर चौकशी ठरलेली. बाईंनी झाकण उघडलं.

"घोसाळकर, यंत्र ठीक चाललंय," फर्नांडिस म्हणाले.

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं. "उपासनी! काय झालंय ते सांगा."

क्षणभर नुसती खरखर. मग तो खरा आवाज आला. रविवारी ऐकलेला तोच, पण पट्टी वर चढलेली आणि काठाला किंचित थरथरणारा.

"काही नाही. समजलं म्हटलं ना."

"काही नाही म्हणजे? इंधन किती आहे?"

"मघापासून काय ओरडतोय मी! टाकीत काय गोडं तेल भरलंय का, म्हणून विचारलं. आम्ही वरच मुक्काम करू का, म्हणून विचारलं. तुम्ही आपलं कृपया आणि विनंती!"

"अहो, यंत्र असली बडबड फेकून देतं! 'इंधन संपत आलंय' असे सरळ तीन शब्द म्हणायचे होते. ते त्याने पोचवले असते."

पुन्हा खरखर.

"नाही म्हटले," कॅप्टन म्हणाले. "मी मुलाचा बाप. परवा तुमच्या घरून तणतणत उतरलो. आज तुमच्यापुढे पदर पसरू, की बाई, मला आधी घ्या?"

वृषालीबाई उभ्या राहिल्या. मनोऱ्यातल्या बाकीच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"उपासनी, तुमच्या मागे दीडशे माणसं बसलीत. त्यातलं एकही तुमचं वऱ्हाड नाही! मानपान त्यांच्या जिवावर करताय?"

"आणि मला पाचवा नंबर कुणी दिला? मी तिसरा आलो होतो! मोजता येत नाही मला?"

हा बाण बरोबर बसला. 

"मी दिला," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील व्याह्याला आधी घेतलं, म्हणून मागे टाकला. चुकलं माझं. आता सांगा, किती वेळ आहे?"

"एकदा उतरायला पुरेल. दुसरी फेरी नाही जमायची."

"मग पहिल्याच फेरीत उतरायचं. डावीकडे वळा, सरळ धावपट्टीवर या, बाकी सगळ्यांना मी हलवते. परत म्हणून दाखवा."

"डावीकडे वळतो, सरळ धावपट्टीवर येतो," कॅप्टन म्हणाले. "आणि मॅडम, बोलत राहा. शिव्या घातल्यात तरी चालेल."

वृषालीबाई बोलत राहिल्या. वारा किती, उंची किती, हे सांगत राहिल्या आणि अधूनमधून त्या दिवाळीबद्दलही दोन शब्द सुनावले. कॅप्टन प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवत होते आणि मंत्र्याबद्दल हट्ट सोडत नव्हते. हळूहळू त्या आवाजातली थरथर कमी झाली. विमानाची चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा बाई खुर्चीत बसल्या. फर्नांडिसनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि चौकशीत आपण काय सांगायचं याचा विचार करायला लागले.

तासाभराने विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये कॅप्टन उपासनी टोपी हातात घेऊन आले. बाई कोपऱ्यातल्या टेबलावर होत्या. ते समोर बसले. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत.

"घाबरलो होतो," ते म्हणाले. "हे मी विशाखाला पण सांगणार नाहीये."

"मी पण घाबरले होते," बाई म्हणाल्या.

 इतक्या वर्षांत एकमेकांना सांगितलेली ही पहिली सरळ गोष्ट होती, आणि दोघांनाही ती जरा अवघडच गेली.

"पोरांचं करून टाकू या," कॅप्टन म्हणाले. "चांगली आहेत बिचारी. दोन वर्षांत एकदा भांडली नाहीत."

हे म्हणताना त्यांचा कप अर्ध्यावर थांबला. बाईंचाही थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एकदाही नाही?" बाई म्हणाल्या.

"एकदाही नाही," कॅप्टन म्हणाले, आणि चेहऱ्यावरून तरी ते मघापेक्षा जास्त घाबरलेले दिसले.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक भरली. लिफ्ट सुरू होती, तरी कॅप्टननी तिच्या वेगाबद्दल तक्रार केली. वृषालीबाईंनी दोघा मुलांना समोर उभं केलं आणि तळहात पुढे केला.

"काढा कानातलं. दोघांनी."

"आई, पण का?"

"आतल्या खोलीत जा, दार लावा आणि बोला. लग्नानंतरचं सगळं. कुठे राहणार, कसं राहणार. भांडण झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"कशावरून भांडायचं?" मल्हारने आपल्या वडिलांना विचारलं.

"सापडेल," कॅप्टन म्हणाले. "शोधावं लागत नाही."

दार लागलं. तिघं मोठी माणसं बाहेर बसून राहिली. आधी आतून कुजबुज आली.  विशाखाताईंनी पिशवीतून विणकाम काढलं. कॅप्टन खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग एकाएकी मल्हारचा आवाज चढला. तो एवढा चढू शकतो हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं.

"तीन वर्षं कामासाठी कच्छला जायचंय मला! किती वेळा सांगितलं तुला! मी तिथे एकटा राहणार नाही!"

"तू म्हणालास, थोडं बाहेर राहावं लागेल! कच्छ? तीन वर्षं? हे कधी म्हणालास?"

"प्रत्येक वेळी हेच म्हणालो!"

"आणि मी काय म्हणत होते, ते कधी ऐकलंस का?" ऋजुता आता रडत ओरडत होती. "आईला एकटीला टाकून मी कुठ्ठेही येणार नाही! बाबा गेल्यापासून ती माझ्याशिवाय एक दिवस राहिलेली नाही. मोडायचं तर मोड लग्न!"

"तू म्हणायचीस, आईची काळजी वाटते! काळजी सगळ्यांनाच वाटते!"

बाहेर विशाखाताईंच्या सुया थांबल्या. कॅप्टननी वळून वृषालीबाईंकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. आपणच या लग्नाच्या आड येतोय, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि न ठोठावता दार उघडलं.

"ऋजू, तू जा," त्या म्हणाल्या. "मला करमणार नाही. मी रडणार आहे, रोज फोन करून तुला छळणार आहे, आणि आलीस की परत जाऊ देताना तमाशा करणार आहे. हे सगळं होणारच आहे. तरी तू जा. माझ्यासाठी थांबलीस तर मला ते आयुष्यभर टोचेल."

ऋजुता आईकडे बघत राहिली. आईचं तोंड तिने उभ्या आयुष्यात शंभर वेळा चाललेलं पाहिलं होतं, पण असं कधी नाही. ती आईच्या गळ्यात पडली. मल्हार एका बाजूला उभा राहून नाक पुसत होता.

"पोरी," कॅप्टन दारातून म्हणाले.  "आईची काळजी नको करू. रोज दुपारी मी वरून येतोच. तुझ्या आईला भांडायला माणूस लागतं. ते मी कमी पडू देणार नाही."

"रोज कशाला?" वृषालीबाई डोळे पुसत फणकारल्या. "रविवारी माझी सुटी असते."

"मग रविवारी घरी येतो. पण तेलकट वडे नकोत."

"निथळायला वेळ लागतो, सांगितलंय ना! बसा पाचव्या नंबरवर!"

"बघा, बघा, पुन्हा पाचवा नंबर!"

दोघं हमरीतुमरीवर आले. मल्हारने सवयीने खिशातली डबी चाचपली. ऋजुता धास्तावून विशाखाताईंजवळ सरकली.

"काकू, थांबवा ना त्यांना. हे परत भांडायला लागले."

विशाखाताईंनी विणकामावरून मान वर केली, आपल्या नवऱ्याकडे बघितलं, तिच्या आईकडे बघितलं आणि सुया पुन्हा चालू केल्या.

"भांडत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "बोलतायत."